दिव्याला काय ठाऊक असतं?

विहीर तुडुंब भरलेली आहे, मोटर फिरते आहे, तरी उसाच्या शेवटच्या सरीवरून कुणीतरी ओरडतंय, "पाणी आलं नाही!" आता बिघाड कुठे असेल?

सन २०७१च्या खंडेनवमीला गडहिंग्लजच्या जोतीराम आबांपुढे असंच कोडं पडलं. विहिरीच्या जागी होतं एका निळ्या टॅक्सीचं इंजिन, आणि ओरडत होता एक लाल दिवा.

पूजेनंतर आबांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण तेलाच्या झारीचं चित्र असलेला दिवा काही विझेना. आबांनी चटकन इंजिन बंद केलं.

"आबा, अजून एकदा सुरू करून बघू या की!" शेजारी बसलेली त्यांची अकरा वर्षांची नात केतकी म्हणाली.

"नाही बाळा. हा दिवा लागला की आधी इंजिन बंद. बाकी सगळं मागनं."

पेट्रोलच्या गाड्या आता तालुक्यात दोनच उरल्या होत्या. वर्षातून एकदा त्यांची तपासणी होई. इंजिनात दोष सापडला की ते काढून विजेची मोटर बसवायची, असा नियम होता. तपासणीसाठी आलेला यंत्रमानव हौशा चार वाजता अहवाल पाठवणार होता. आबांनी याच गाडीने बत्तीस वर्षं आंबोली घाट चढला-उतरला होता. या इंजिनाचा आवाज ऐकला की त्यांना घाटातलं धुकं आठवे, मागच्या सीटवर झोपलेली पोरंबाळं आठवत.

हौशा सतरंजीवर पान्यांच्या आणि हातोड्यांच्या रांगेत मांडी घालून बसला होता. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती असते. "मीही अवजारच आहे," असं तो सकाळी म्हणाला, म्हणून केतकीने त्यालाही कुंकू लावून तिथे बसवलं होतं. हात बंद, तोंड चालू.

"इतक्या जुन्या गाडीत हा दिवा लागला, तर शंभरांपैकी एक्याण्णव वेळा बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी) झिजलेली असतात," हौशा म्हणाला. "इंजिन काढावं."

"शंभर गाड्यांचं राहू दे रे. या एका गाडीचं बोल," आबा म्हणाले.

"आबा, त्या दिव्याचंच काहीतरी बिघडलं असेल," केतकी म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. हेच वाक्य ते स्वतः एकदा म्हणाले होते. तेव्हा ते पंचविशीत होते आणि दुसऱ्याची गाडी चालवत होते. सावंतवाडीला लग्नाचं वऱ्हाड पोचवायचं होतं आणि घाटात हाच दिवा लागला. थांबायची इच्छा नव्हती, म्हणून ते म्हणाले, "दिव्याचंच काहीतरी बिघडलंय." तिसऱ्या वळणावर इंजिन खाडकन जाम झालं. पुढे हुसेन मिस्त्रींनी ते उघडून जळून काळी पडलेली कडी त्यांच्या तळहातावर ठेवली. "जोत्या, जे खरं असावं असं तुला वाटतं ना," ते म्हणाले, "ते दुप्पट तपासायचं."

आजही आबांना दिवा खोटा ठरायला हवा होता. म्हणूनच त्यांना भीती वाटत होती.

"चल, तपासू," ते उठत म्हणाले.

"पण पाने तर पूजेत आहेत!"

"हात कुठं पूजेत ठेवलेत?"

आबांनी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) ओढून पुसली, परत घातली आणि पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. त्यांनी थेंब बोटांवर चोळला. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे तेल पातळ झालेलं नव्हतं. धातूची चमकीही दिसली नाही. गाडीखाली गळतीचा डाग नव्हता.

"म्हणजे सगळं ठीक?"

"विहीर भरलीय, एवढंच कळलं. शेवटच्या सरीला पाणी पोचतंय का, ते कुठं कळलं? पंप तेलाला ढकलतो, त्या जोराला ऑइल प्रेशर म्हणतात, तेलाचा दाब. तो असला की फिरणारा दांडा आणि कडी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहतो. साबणाच्या पाण्यावर पाय घसरतो ना, तसा दांडा त्या थरावर तरंगतो. दाब गेला की लोखंडावर लोखंड."

"आणि हे सगळं दिव्याला कसं कळतं?"

आबा हसले. "आता खरं विचारलंस. त्याला काहीच कळत नाही."

दिव्यातून एक तार निघून इंजिनावरच्या प्रेशर स्विचपर्यंत (दाबाने उघडणाऱ्या बटणापर्यंत) जाते. दाब नसतो तेव्हा बटण मिटलेलं असतं. वीज तारेतून इंजिनाच्या लोखंडात उतरते, तिची फेरी पूर्ण होते आणि दिवा लागतो. तेलाने जोर लावला की बटण उघडतं, वाट तुटते आणि दिवा विझतो.

"म्हणजे वाट जोडलेली आहे, एवढंच दिव्याला ठाऊक," केतकी सावकाश म्हणाली. "मग ती वाट दुसरीकडेच जोडली गेली तर?"

आबांनी तारेचं टोक हातानेच स्विचवरून उपसलं आणि हवेत धरलं. "किल्ली अर्धीच फिरव. इंजिन सुरू करू नको. आता वाट तुटलीय, म्हणजे दिवा विझायला हवा."

"लागलाय, आबा!"

म्हणजे वाट मधेच कुठेतरी जोडली गेली होती. आबा तारेवरून बोट फिरवत मागे गेले. बोट झेंडूत रुतलं. केतकीने इंजिनालाही हार घातला होता. दोरा संपला म्हणून फुलं तांब्याच्या बारीक तारेत ओवली होती. तारेचं एक टोक तिने या जुन्या वायरीला करकचून आवळलं होतं आणि दुसरं इंजिनाच्या बोल्टला. वायरीचं कुजकं आवरण कापून तांब्याला तांबं भिडलं होतं.

केतकीचा चेहरा पडला. "मीच केलं हे?"

"देवाला हार घातलास, त्यात काय? जरा जास्तच घट्ट घातलास." आबांनी हार सोडवला. दिवा विझला. कापलेल्या जागी त्यांनी रबरी टेप गुंडाळला आणि टोक पुन्हा स्विचवर बसवलं. दिवा लागला.

"परत लागला!" केतकी रडवेली झाली.

"लागायलाच हवा. इंजिन बंद आहे, दाब कुठला? आता कर सुरू. नाही विझला, तर मी म्हणेन तेव्हा लगेच बंद."

इंजिन घरघरलं. एक... दोन... दिवा विझला.

आबांनी डोळे पुसले आणि धुराला दोष दिला.

"स्विचच अडकलेला नसेल कशावरून?" हौशाने विचारलं.

"तुझ्यासमोर मिटला आणि उघडला की. निदान लागतो तेवढा दाब आहे. नेमका किती, ते उद्या पाना उठला की मोजून सांगतो. आज त्याहून जास्त मी बोलणार नाही."

हौशाने अहवाल वाचून दाखवला : "दोष तारेत होता. इंजिन राहू द्यावं. दाबाचा आकडा उद्या." मग तो जरा घुटमळला. "आबा, माझ्या पाठीवर तीन महिने एक पिवळा दिवा लागलेला आहे. कारखाना म्हणतो, हृदय-बॅटरी बदला. बदलली की जुन्या आठवणी जातात. मी कुणाला विचारलं नव्हतं."

आबांनी काही म्हणायच्या आत केतकी त्याच्या मागे जाऊन बसली.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आधी मला सांग, या दिव्याची तार कुठून कुठे जाते?"