कुसगावचा न थांबणारा पियानो

"अपेक्षा, पेडलवरचा पाय काढ!"

"ताई, पाय नाहीच आहे तिथे!"

"मग हा गोंगाट कसला? विराम म्हणजे दोन मात्रा गप्प बसायचं. बसतोय का हा गप्प?"

माधवीताईंच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता. कुसगावच्या हॉटेलातल्या या जुन्या पियानोवर त्या मुलांना शिकवायच्या. पण गेले आठ दिवस एक सूर वाजवला की पेडल दाबून धरल्यासारखा तो थांबायचं नावच घेत नसे. पुढचे सूर त्यावर चढायचे आणि सगळ्याची खिचडी व्हायची. अपेक्षा रोज पहाटे उठून कान्हे गावाहून लोकलने लोणावळ्याला यायची आणि तिथून पायपीट करत हॉटेलात. एवढं करून वर बोलणी खायची! यालाच मे महिन्याची सुट्टी म्हणायचं का?

तेवढ्यात मॅनेजर प्रदीपकाका आले. "ताई, हे धूड बिघडलंय. बारा वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. कोणी हात लावू नका आता!"

वाद घालायचंही त्राण ताईंमध्ये उरलं नव्हतं. मुलांच्या घरी फोन करायला त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. अपेक्षाला हात लावता येईल असा दुसरा पियानो कुठे होता? हा गेला की तिचं शिकणंच संपलं!

"समर्थ, बघ हं!" ती क्लासमधल्या मित्राला हळूच म्हणाली. स्टुलावर चक्क मांडी घालून तिने एक सूर वाजवला आणि हात उचलला. सूर घुमतच राहिला!

"आईशप्पथ! पाय नसताना पेडल कोण दाबतंय? भूत?"

"भुताला भात कशाला लागतोय? खाली बघ!"

पेडलपाशी फरशीवर टरफलासकट भाताचे चार दाणे पडले होते. आत बघायलाच हवं होतं. पण काका पहाऱ्याला बसलेले. समर्थने खिडकीबाहेर नजर टाकली आणि आरोळी ठोकली, "काका, माकडं किचनमध्ये शिरली!"

ते खोटंही नव्हतं. काका काठी घेऊन धावले. दोघांनी पियानोची खालची फळी ओढून काढली. आत गच्च भरलेली पिशवी! तिच्यामुळे पेडलची लाकडी दांडी वर उचललेली राहिली होती, जणू कोणी पेडल दाबूनच धरलंय.

"अरं अरं, हळू! बी हाय माजं!" वॉचमन दत्तोबा दारातून ओरडले.

"आबा, पियानोत बियाणं?"

"खोलीत उंदरं लय झाली, पोरी. म्हनलं, ह्ये खोकं कोरडं हाय, रोज वाजतंय. उंदीर हितं कशाला यील?"

हसावं की रडावं, हेच अपेक्षाला कळेना. पिशवी बाहेर निघाली. तिने सूर वाजवून बोट उचललं, आणि सूर जागच्या जागी थांबला!

ताई धावत आत आल्या. काकाही धापा टाकत परतले आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारून बसले. "शाबास रे पोरांनो! मी उघडूनसुद्धा बघितलं नाही. टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवतो."

"लय हुशार हाईत लेकरं," पिशवी छातीशी धरून दत्तोबा पुटपुटले.

ताई मात्र अपेक्षासमोर खाली बसल्या. "आठ दिवस तू खरं सांगत होतीस आणि मी तुलाच रागावले. चुकले गं मी."

अपेक्षाला रडूच फुटलं. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली.