झालं म्हटल्यावर

अक्कलदाढ काढून घेताना कोणी प्रेमात पडत नाही. ती पडली, असंही लगेच म्हणता येणार नाही. पण खुर्चीत आ वासून पडल्यापडल्या मास्कवरचे ते दोन डोळे तिनं मन लावून पाहिले, आणि दाढ निघाल्यावर बधिर तोंडानं, अर्धे शब्द गिळत, दातांच्या त्या डॉक्टरला विचारलं — चित्रासाठी बसाल का? तो हो म्हणाला. पाच रविवार ठरले.

ती माणसांचे चेहरे चितारायची, आणि तिची एक युक्ती होती. समोर बसलेला माणूस तासभर चेहरा सांभाळून असतो. "झालं, उठा आता," म्हटलं की तो सैल सुटतो आणि आत दडून बसलेला माणूस वर येतो. खरं चित्र ती त्यानंतरच्या चार मिनिटांत काढायची. आजवर ही युक्ती कधी फसली नव्हती.

याच्यापुढे मात्र तिची डाळ शिजेना. गप्पा रंगायच्या, चहा व्हायचा, तिच्या नाकाला लागलेल्या कोळशाची तो थट्टा करायचा... पण "झालं" म्हटलं की चेहरा पुन्हा शाळेच्या फोटोतल्यासारखा. चार रविवार, चार कागद, चारही टोपलीत गेले.

पाचव्या रविवारी ती धास्तावली होती. चित्र फसेल ही भीती होतीच. पण आजनंतर हा माणूस या खोलीत यायचा नाही, ही त्याहून मोठी. आणि तिला तो यायला हवा होता.

तासाभरानं ती म्हणाली, "झालं, उठा आता."

तो उठला नाही. "तुमची दाढ मी कशी काढली, आठवतंय?"

"झालं म्हणालात. मी हुश्श केलं, आणि..."

"आणि मग काढली. मी रोज हेच करतो. तुमची युक्ती पहिल्याच रविवारी ओळखली मी."

"मग मला एवढं छळलंत कशाला?"

"चेहरा सैल सोडला असता तर चित्र पुरं झालं असतं. मग परत यायला निमित्त काय — तुमची दुसरी दाढ?"

ती हसली. हात मात्र थांबला नव्हता, सवयच ती. त्याचे कान लाल झाले होते, आवळलेला जबडा सुटला होता, आणि त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या पेशंटांसारखाच तो सरळसरळ घाबरला होता. ते सगळं कागदावर उतरलं.

"झालं," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसला नाही. तो तसाच बसून राहिला.

"या वेळी खरंच झालं." तिनं कागद त्याच्याकडे वळवला. "आणि पुढच्या रविवारी या... नुसतेच."