आलेच!

माझं काम कान तपासायचं. दवाखान्यातल्या एका आवाजबंद खोलीत मी माणसांच्या कानांवर हेडफोन चढवतो, बारीक आवाज सोडतो आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणतो. "दिवसभर जगाचे कान तपासता, आणि घरात तुमचं ऐकतंय कोण?" हे आमच्या हिचं ठरलेलं वाक्य.

आमची एकुलती एक लेक भिंगरी. कागदोपत्री नाव वेगळं, पण लहानपणी गोल गोल फिरून घर डोक्यावर घ्यायची, म्हणून भिंगरीच. त्याच वयात एका तापात तिचा डावा कान गेला. ठार बहिरा. दर वर्षी मीच तपासतो आणि दर वर्षी वेड्यासारखी आशा करतो. म्हणून जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची कोपऱ्यातली: डावा कान भिंतीकडे, उजवा आमच्याकडे.

कॉलेज संपलं आणि ही भिंगरी फोनमध्ये रुतून बसली. मैत्रिणी बेल वाजवून वाजवून यायच्या थांबल्या. नाचाचा क्लास सुटला. नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं, तर त्या दुपारी बाईसाहेब अंथरुणात व्हिडिओ बघत होत्या. जेवायला हाक मारली की बंद दाराआडून एकच उत्तर, "आलेच!" ताट गार व्हायचं.

"हिचं 'आलेच' म्हणजे पुढच्या जन्मी," ही म्हणायची. आम्ही हसायचो, पण घास काही उतरायचा नाही. मी कानीकपाळी ओरडलो, लाडीगोडी लावली, शेवटी हात टेकले. पोर भिंतीपलीकडे होती आणि मला तिची भयंकर आठवण यायची.

एका रविवारी मी चहा टाकला आणि हाक मारली.

"आलेच!"

तेवढ्यात बाहेरची बेल वाजली. दारात भिंगरी, एका हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात फोन.

"तू बाहेर कधी गेलीस?"

"मगाशीच. आईने पिटाळलं. का रे बाबा?"

मी तिच्या खोलीत डोकावलो. कुणी नव्हतं. लॅपटॉप बंद होता, हात लावून पाहिला, गार. वय झालं बाबा तुझं, असं स्वतःलाच बजावलं. ती आत गेली, दार लागलं.

त्या संध्याकाळी हाक मारायच्या आधीच ती बाहेर आली. फोन आतच ठेवून! माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "वाढ गं आई, भूक लागलीये." हिचे डोळे भरून आले. वाढताना अर्धं टेबलावरच सांडलं.

नंतरचे दिवस काय सांगू! भिंगरी गप्पा मारायची, माझ्या घोरण्याची नक्कल करायची, एकदा तर ओट्यापाशी गर्रकन गोल फिरली. खोलीत फक्त झोपायला जायची. तिची कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच असायची. मला त्याचं काय? लेक खेटून बसत होती, मी हुरळून गेलो होतो.

मग काल संध्याकाळी ही जेवण गरम करत होती. पाठ आमच्याकडे. जुन्या सवयीने तिने हाक दिली, "भिंगरी, चल जेवायला!"

भिंगरी माझ्या शेजारी बसलेली.

"आलेच!"

आवाज खोलीतून आला होता. घोगरा, ओरडून ओरडून बसलेला.

"आई, आलेच गं... आलेच ना..."

हिच्या हातातला डाव खाली पडला.

भिंगरी हसली. "फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय मी. तुमची गंमत." ती उठली, खोलीत गेली, दार ओढून परत आली. आत शांत झालं.

"चावट कुठली!" हिचा जीव भांड्यात पडला.

पण रेकॉर्डिंग कुठलं आणि गळा कुठला, हे मला कळतं. मान खाली घालून, नुसत्या श्वासाने, माझं मलाच ऐकू येईल इतकंच मी पुटपुटलो, "ती रडत होती."

भिंगरीने माझ्या ताटात मायेने वाढलं.

"रडत नाहीये रे बाबा. थकलीये. झोपेल आता."

मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो.