मक्याच्या हिशोबानं

ओतिलिया रविवारी दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. संध्याकाळच्या आत चिलीतल्या अख्ख्या पेउमो गावाला दोन गोष्टी कळल्या: ती गेली, आणि नवऱ्यानं इन्शुलिनची सुई जास्त दिली.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "साखर पार तळाला गेली होती."

मधुमेहानं ओतिलियाला नीट दिसत नव्हतं. पानात काय आहे ते बघून सुई एलेउतेरिओच द्यायचा. अंत्यविधी उरकून तो खाजगी तपास करणाऱ्या बेर्नार्दाबाईंकडे गेला.

"मी मारलं की दुसऱ्या कुणी, एवढं सांगा. दुसरं कुणी असेल तर त्याला मी सोडणार नाही."

"ते मागाहून बघू. बाई काय जेवल्या?"

"मक्याचा पास्तेल. मेव्हणीनं, झुनिल्दानं, मातीच्या भांड्यात भाजून आणला. खाली खिमा, वर मक्याचा थर. आपण वर साखर पेरतो, पण हिचा वेगळा, बिनसाखरेचा."

"तुम्ही चाखलात?"

"नाही. ही म्हणाली, यंदा कणसात गोडी नाही, नुसती तुळस लागते. आणि झुनिल्दा जाताना बजावून गेली होती, 'मका पिठूळ आहे भाऊजी, सुई त्या हिशोबानं द्या.'"

इन्शुलिनच्या बाटलीबद्दल विचारताच औषधवाला निबाल्दो उखडला. "त्याच बाटलीतली सुई आधीचे तीन दिवस दिली, तेव्हा काही झालं? माझ्या नावानं खडे फोडू नका!"

"म्हणजे मीच चुकलो," झुनिल्दाच्या घरी जाताना वाटेत एलेउतेरिओ म्हणाला.

"काका, डोळे पुसा आणि उघडे ठेवा."

मुलगा तुरुंगात मेल्यापासून झुनिल्दा काळ्या कपड्यांतच असे. त्याच्या खटल्यात ओतिलियानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

"मका कुठला?" बेर्नार्दाबाईंनी विचारलं.

"गाडीवरचा. डझनभर कणसं इथंच सोलली, हातानं किसली."

"आणि तो पिवळा लाकडी चमचा?"

"त्यानंच ढवळलं. घासला, पण जाईना."

अंगणात कोंबड्या जाड हिरव्या देठांवर तुटून पडल्या होत्या. बेर्नार्दाबाईंनी एक देठ उचलला.

"काका, गाव सुईला दोष देत बसलंय. बाई गेल्या त्या साखर नसल्यानं."

"मला काही कळत नाही."

"डझनभर कणसं सोलली की अंगण सालांनी भरतं. इथं एक साल नाही. हा देठ फ्लॉवरचा. मक्याचा रंग धुतला की जातो, हळदीचा राहतो. फ्लॉवर वाटला, हळदीनं पिवळा केला, चव झाकायला तुळस घातली. मक्यानं साखर चढते, म्हणून तुम्ही सुई त्या हिशोबानं मोठी दिलीत. पण चढलंच नव्हतं काही. सुईनं बाईंनाच उतरवलं. तुमचा हिशोब बरोबर होता. मका खोटा होता."

झुनिल्दा हसली. "तिनं तोंड उघडलं नि माझा मुलगा गेला. मग तिच्याच तोंडातून तिला नेली. आणि सुई मी नाही दिली, भाऊजी. तुम्ही दिलीत."

एलेउतेरिओनं चुलीशेजारचा सुरा उचलला. बेर्नार्दाबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

गाव आता त्याला रस्त्यात थांबवून माफी मागतं. झुनिल्दा तुरुंगात आहे, धडधाकट आहे. तिला स्वतःच्या हातानं मारायचं त्याच्या मनात होतं, ते राहिलं.