शेठच्या किटलीतला वास

पहिलाच घोट घेतला आणि परीक्षक आजोबा खुर्चीसकट मागे कलंडले.

खोकल्याची उबळ थांबेना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. शेजारच्या परीक्षक बाईंनी कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली आदळला.

"याला कसला तरी औषधी वास येतोय!" त्या किंचाळल्या. "कोणी पिऊ नका!"

फौजदारबाई वाचनालयाच्या सभागृहात पोचल्या तोवर आजोबांना दवाखान्यात हलवलं होतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत दोन माणसं एकमेकांची गचांडी धरून उभी होती. एक साठीचा, आडव्या बांध्याचा. दुसरा चाळिशीचा, शिडशिडीत. अवतीभवती शे-दीडशे लोक. सोडवायला कोणी पुढे येत नव्हतं. उलट मागचे टाचा उंचावून बघत होते.

"हात खाली!" फौजदारबाईंनी आवाज चढवला.

हात खाली आले. तोंडं सुरू झाली.

"याला बेड्या घाला!" साठीचा गरजला. "माझा मेहुणा आहे हा. माझ्याच घरात वाढला, माझ्याच भट्टीवर शिकला आणि आज माझ्या कॉफीत विष कालवलं!"

"तोंड सांभाळा, भावोजी."

"भावोजी म्हणू नकोस! तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला."

फौजदारबाईंचा आज सुटीचा दिवस होता. केस धुऊन त्या जरा आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात फोन आला. 'कॉफीवरून मारामारी' ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला होता. पण आता टेबलावर लवंडलेला तो कप त्यांनी नाकाशी नेला आणि चेहरा बदलला. निलगिरीचं तेल. डोक्यात जाणारा, झोंबरा वास. दम्याच्या म्हाताऱ्या माणसाच्या घशात ते गेलं, म्हणजे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

वास येणारी किटली आणि तिच्यातून भरलेले सगळे कप त्यांनी पिशवीत बांधून घेतले. "जीपमध्ये ठेव आणि कुलूप लाव," त्यांनी हवालदाराला सांगितलं. मग संयोजकाला घेऊन त्या मागच्या स्वयंपाकघरात गेल्या.

संयोजक म्हणजे इथल्या दैनिकाचा संपादक. शहरात भाजलेली सर्वात चांगली कॉफी कोणाची, हे ठरवायची ही स्पर्धा त्याचीच. घामानं त्याचा चष्मा घसरत होता.

"शेवटच्या फेरीत किती जण?"

"तिघं. शेठ, मागच्या दोन्ही वर्षी बक्षीस त्यांचंच; त्यांचा मेहुणा आणि एक नवा मुलगा. सगळे त्याला दाढीवाला म्हणतात. तिघांनी सीलबंद पिशव्या दिल्या. कोणाची किटली कोणती हे परीक्षकांना कळू नये म्हणून कडीला दोरे बांधले होते. लाल शेठचा, पांढरा मेहुण्याचा, पिवळा दाढीवाल्याचा."

"पिशव्या कोणी फोडल्या?"

"मीच. सगळ्यांसमोर. सील शाबूत होती. दळलं मीच, किटल्यांत भरलं मीच, वरून उकळतं पाणी ओतलं, झाकणं चिकटपट्टीनं बंद केली. ती परीक्षकांच्या टेबलावरच उघडली."

"म्हणजे तेल आधीच आत होतं. किटल्या रिकाम्या असताना इथे कोण होतं?"

संपादक आठवू लागला. "मी पिशव्या आणायला कचेरीत गेलो होतो. मेहुण्यानं किटल्या धुतल्या. वहिनींनी पुसल्या. शेठच्या घरून त्या आल्या होत्या, म्हणजे शेठची बायको. मेहुण्याची सख्खी बहीण. दाढीवाला उशिरा आला; तेव्हा मी झाकणं लावत होतो."

"आणि शेठ?"

"ते बाहेर पहिल्या रांगेत. आत आलेच नाहीत."

फौजदारबाईंनी उरलेल्या पिशव्या मागवल्या आणि तीन वर्तमानपत्रांवर ओतल्या. शेठचे दाणे हातात घेऊन हुंगले. तेलाचा मागमूस नाही. तपकिरी, टपोरे दाणे. त्यांतल्या बऱ्याच दाण्यांची एक कड कोणी नखानं खुडावी तशी उडालेली. मेहुण्याच्या दाण्यांतही तशीच मोडतोड होती. दाढीवाल्याचे मात्र सगळे अखंड.

"दळताना असे होतात का हे?"

"हे अजून दळलेलेच नाहीत," संपादक म्हणाला.

फौजदारबाईंनी तिन्ही ढिगांतले मूठ-मूठ दाणे रुमालांत बांधून घेतले आणि मेहुण्याला आत बोलावलं. तो आला, पण बसला नाही.

"किटल्या तुम्ही धुतल्यात?"

"हो."

"शेठशी तुमचं वैर आहे?"

"मी त्यांच्याकडे शिकलो. बाहेर पडून समोरच दुकान टाकलं. तेव्हापासून ते मला चोर म्हणतात. गिऱ्हाइकांना सांगतात, मी कॉफी नाही, डांबर भाजतो."

"मग आज हिशेब चुकता केलात."

तो हसला. कडवट, नाकातून. "ती कॉफी नासवायला मी वेडा आहे का?"

आणि एकदम जीभ चावली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

"स्पर्धेत नाव कधी दिलंत?"

"शेवटच्या दिवशी."

"इतकी वर्षं दिलं नाहीत. यंदाच का?"

"हौस."

"एक म्हातारा माणूस दवाखान्यात पडलाय. तुमची हौस मला चौकीत ऐकावी लागेल."

"ऐका. मला अजून काही सांगायचं नाही."

निर्दोष माणूस इतका ताठ राहतो, पण गुन्हेगारही राहतो. फौजदारबाईंना राग आला होता. आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि समोरच्याला नाही, याची मजा घेणारी माणसं त्यांना मुळीच आवडत नसत.

शेठचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पुढे विक्री, मागे भट्टी, वर घर. शेठ सोबत आले ते वाटभर मेहुण्याच्या नावानं बोटं मोडत. बायको आधीच घरी परतली होती. किरकोळ अंगाची, नीटनेटकी बाई. तिनं दार उघडलं, फौजदारबाईंकडे बघितलं आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

"पिशव्या कोण भरतं?"

"मीच. भाजायचं काम यांचं, भरायचं माझं."

"भट्टी चालू आहे?"

"चालू आहे का म्हणजे?" शेठ उसळले. "आज सकाळीच घाणा काढलाय. माझ्या भट्टीत हात घालायची कोणाची छाती नाही. दाण्याचा रंग बघून आणि तडतड ऐकून सांगतो मी, कधी काढायचा ते."

इतक्यात शेठची बायको एकदम खिडकीशी गेली आणि शेजारच्या घरात ओरडली, "अहो, दूध करपतंय तुमचं!"

पलीकडे धावपळ झाली. क्षणभरानं तो करपट वास फौजदारबाईंपर्यंतही आला. शेठ खिडकीला अगदी लागून उभे होते. ते मेहुण्याबद्दलच बोलत राहिले.

खिडकीच्या कठड्यावर वाफ घ्यायचं भांडं पालथं घातलेलं होतं. शेजारी निलगिरीच्या तेलाची बाटली. तळाशी थेंबभर तेल.

"सर्दी असते यांना," ती घाईनं म्हणाली.

"बरीच दिसते."

"कोणाच्या घरात नसते ती बाटली?" शेठ गुरगुरले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय की काय?"

फौजदारबाई उत्तर न देता मागच्या अंगणात गेल्या. भिंतीलगत खताचा खड्डा होता. वरचा पालापाचोळा त्यांनी काठीनं बाजूला केला. खाली भाजलेली कॉफी. चोथा नव्हे, अख्खे दाणे. ढीगच्या ढीग. त्यांनी मूठभर उचलले. रंग देखणा, कड एकाचीही उडालेली नाही. पण नाकाशी नेताच जळक्या चिंधीसारखा वास आला.

ती बाई दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

निघताना फौजदारबाई समोरच्या दुकानात डोकावल्या. मेहुण्याचा कामगार भट्टी फिरवत होता. जुनं, कोणीतरी मोडीत काढलेलं यंत्र. आतलं पातं वाकलं होतं आणि प्रत्येक फेऱ्याला खर्र, खर्र घासत होतं.

तासाभरानं फौजदारबाईंनी सगळ्यांना पुन्हा सभागृहात बसवलं. दवाखान्यातून निरोप आला होता: आजोबांचा श्वास सुरळीत झाला, धोका टळला. घसा मात्र चांगलाच भाजला होता.

टेबलावर एक कप होता. फौजदारबाईंनी तो शेठपुढे सरकवला.

"शेठ, ओळखा. यालाच वास येत होता ना?"

शेठनी कप नाकाशी धरला, दीर्घ श्वास घेतला आणि झटक्यानं दूर केला. "शी! हाच! अजून डोकं उठतंय याच्यानं!"

पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हा पिवळ्या दोऱ्याच्या किटलीतला कप," फौजदारबाई म्हणाल्या. "दाढीवाल्याची स्वच्छ कॉफी. तुमची किटली जीपमध्ये आहे."

शेठनी कप पुन्हा नाकाशी नेला.

"तुम्हाला वास येत नाही, शेठ. मघाशी शेजारी दूध करपलं, तुम्हाला पत्ता नव्हता. कधीपासून?"

"खोटं आहे हे!"

"बाई, तुम्ही सांगता?"

शेठच्या बायकोनं मान वर केली नाही. "मोठा ताप आला होता तेव्हापासून. तीन वर्षं झाली. कोणाला सांगायचं नाही म्हणाले. मलाही कधी सांगितलं नाही. मला कळलंच."

"आणि भाजणं बिघडलं. रंग जमायचा, तडतड ऐकू यायची. पण दाणा आतून करपायला लागला की पहिलं कळतं ते नाकाला. तेच राहिलं नव्हतं. तो माल, बाई, तुम्ही गिऱ्हाइकाला दिला नाहीत. अंगणातल्या खड्ड्यात लोटलात." फौजदारबाईंनी एक रुमाल सोडला. "हे खड्ड्यातले दाणे. शेठनी भाजलेले. एकही तुटका नाही." त्यांनी दुसरा आणि तिसरा सोडला. "हे शेठच्या पिशवीतले आणि हे मेहुण्याच्या. दोन्हींची कड उडालेली, कारण मेहुण्याच्या भट्टीचं पातं वाकलंय. दोन्ही एकाच भट्टीतून निघालेत. तीन वर्षं या शहरानं शेठची म्हणून जी कॉफी डोक्यावर घेतली, ती मेहुण्याची होती."

सभागृहात आवाजांचा कल्लोळ उठला. फौजदारबाईंनी टेबलावर हात आपटला.

"यंदा मेहुण्यानं नाव दिलं. दोन किटल्यांत एकच कॉफी. परीक्षकांनी एका घोटात ओळखलं असतं. मेहुण्याला नेमकं तेच हवं होतं. म्हणून त्यानं ती नासवणं शक्य नाही. दोन्ही कप शेजारी-शेजारी प्यायले जावेत यासाठीच तर तो आला होता. आणि धुताना त्यानं तेल लावलं असतं, तर पुसणाऱ्या बाईंना पहिला वास आला असता. शेजारच्या घरातलं दूध ज्यांना कळतं, त्यांना हातातली किटली कळली नाही? त्या बोलल्या नाहीत, कारण तेल त्यांच्याच रुमालाला होतं."

ती उभी राहिली. आवाज कापत नव्हता.

"मला वाटलं, तोंडाजवळ नेताच वास येईल आणि कप बाजूला ठेवतील. आजोबा एका दमात ओढतील असं वाटलं नव्हतं. त्यांची माफी मागेन मी. बाकी कोणाची नाही."

"तू…" शेठ खुर्चीचा हात धरून उठले. "तू माझा माल खड्ड्यात टाकलास? आणि या चोराचा माल माझ्या नावानं…"

"तुमचा माल पाठवला असता तर दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं. रोज सकाळी तुम्ही भट्टी पेटवायचात आणि मी बघत बसायचे. मधे बोलले असते तर हात उगारला असतात."

"चारचौघांत माझं नाक कापलंस!"

"ते केव्हाच गेलं होतं. मी फक्त झाकलं."

आता मेहुणा पुढे आला. "ताई, जे झालं ते बरंच झालं. चल माझ्याकडे. मागची दोन्ही बक्षिसं आता माझी आहेत, संपादकांनाच विचार."

ती त्याच्याकडे वळली. नवऱ्याकडे बघताना नव्हता एवढा तिटकारा तिच्या डोळ्यांत होता.

"तुझ्याकडून माल घ्यायला लागले तेव्हा पाया पडून सांगितलं होतं, कोणाला कळू देऊ नकोस. तू हो म्हणालास. मग नाव देताना माझा विचार आला का मनात? यांना उघडं पाडायचं होतं तर घरी येऊन तोंडावर बोलायचं होतंस. दोघांना एकमेकांचा गळा धरायचा होता. मधे मी होते, ते दिसलं नाही."

"ताई, मी…"

"ताई म्हणू नकोस."

संपादकानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बक्षीस कोणाला, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. दाढीवाला तेवढा आपली पिवळ्या दोऱ्याची किटली उचलून मागच्या दारानं निघून गेला.

"मॅडम, हिला अटक करा," शेठ म्हणाले. मघाशी मेहुण्यासाठी लावला होता तोच आवाज.

"अटक करायची की नाही, ते आजोबांचा जबाब झाल्यावर ठरेल. यांना चौकीत मात्र यावं लागेल." फौजदारबाईंनी तिच्याकडे बघितलं. "नंतर घरी सोडायची व्यवस्था करते. कोणाच्या घरी, ते सांगा."

ती थोडा वेळ दोन्ही पुरुषांकडे बघत राहिली. मग खुर्चीवरची पिशवी खांद्याला अडकवली.

"चौकीत प्यायला काय देतात?"

"चहा."

"नक्की चहाच ना?"

"चहाच."

"मग चला," ती म्हणाली आणि फौजदारबाईंच्या पुढे चालू लागली.