कोठीतून आलेलं उत्तर

ही घटना खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली, त्यांचा भुतांवर काडीइतकाही विश्वास नाही. अडचण नेमकी तीच आहे.

लाकडाच्या ढलप्या जाळून वीज निर्माण करणाऱ्या एका केंद्रात ते अभियंता. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतात, म्हणून त्यांचं नाव पडलं 'पुरावासाहेब'.

ढलप्या एका उंच पोलादी कोठीत साठवतात. तळाशी माणसाएवढं जाड मळसूत्र फिरतं आणि त्यांना भट्टीकडे ढकलतं. ते सुरू करण्यापूर्वी कोठीवर पान्याने ठोकायचं, हा तिथला रिवाज. आत कुणी असेल, तर तो उलट ठोकतो. उत्तर नाही, म्हणजे आत माणूस नाही.

त्या दुपारी साहेबांनी ठोकलं.

ठक... ठक...

आतून उत्तर आलं.

कामगार तर सगळे बाहेर, डोळ्यांसमोर उभे!

"लाकूड तापलं की तडकतं," साहेब म्हणाले.

"आणि तडकताना मोजून ठोकतं होय?" दाजी हसले. साहेबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोठीचं काम त्यांच्याकडे. "थांबा, बघूनच येतो."

साहेबांनी मळसूत्राची चावी काढून खिशात टाकली. आतली हवा तपासली. दाजी कमरेला दोर बांधून आत शिरले. आतून ठोके कसे ऐकू येतात ते बघायला त्यांनी दार लोटून घेतलं.

साहेबांनी पुन्हा ठोकलं.

शांतता.

जोरात ठोकलं.

काहीच नाही...

ताईला काय तोंड दाखवायचं? त्यांनी धडपडत दार उघडलं.

दाजी दारालगतच उभे होते. हातात पाना, अंग घामाने डबडबलेलं.

"किती वेळा उत्तर देऊ? हात मोडायची वेळ आली!"

"दाजी, आम्हाला एकही ठोका ऐकू आला नाही."

दाजींचा चेहरा उतरला.

"मग... मी ठोकलं की लगेच माझ्या पाठोपाठ कोण ठोकत होतं? मला वाटलं, तुम्हीच."

ढलप्या आवाज शोषतात, असं साहेबांनी सगळ्यांना समजावलं. ते खरंही आहे. पण मग पहिलं उत्तर बाहेर आलं कसं?

परवा दाजींची सुट्टी होती. साहेबांनी कोठीवर ठोकलं. उत्तर आलं नाही. तरीही त्यांनी दाजींच्या घरी फोन लावला.

"दाजी, कुठे आहात?"

"घरी. आणखी कुठे असणार?"

"जरा ताईला द्या."

ताई वैतागली. "अरे, माझ्या समोर बसलेत! तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

साहेबांनी फोन ठेवला. कामगार त्यांच्याकडे बघत होते.

कोठी गप्प होती... पण दाजी आत ठोकत होते, तेव्हाही ती बाहेर गप्पच होती.

मळसूत्र सुरू करायला मात्र कुणाचाच हात पुढे होईना.