खिडकीपुरतं उघडं

म्हैसूरच्या सिटी बसमध्ये आपलं मराठी कुणाला कळतंय, असं मृण्मयीला वाटत होतं. म्हणून कुवेंपुनगरहून बस सुटल्यापासून ती मिरजेच्या ताईला फोनवर मोकळ्या गळ्यानं सांगत होती, "अगं, संकर्षण नावाचा एक प्राणी आहे ऑफिसात. अजून तोंड बघितलं नाही, नुसत्या मेल येतात. पोर्ट उघडता येणार नाही. बास, एवढंच. उर्मट असणार. आणि टक्कल असणार."

शेजारचा तरुण खिडकीबाहेर बघत होता. जयलक्ष्मीपुरमचा स्टॉप आला तसा तो उठला, केसांवरून हळूच हात फिरवला आणि मराठीतच म्हणाला, "केस आहेत, बघा. उर्मट आहे की नाही... ते स्वल्प दिवस थांबून ठरवा."

मृण्मयीची कानशिलं तापली. पण माफी मागायची सोडून तिच्या तोंडून निघालं, "मग पोर्ट कधी उघडताय?"

"उघडणार नाही," तो शांतपणे म्हणाला आणि बाजूला सरून त्यानं तिला आधी उतरू दिलं.

दोघांचं ऑफिस एकच. तिथं नखाएवढी एक चिप तयार होत होती, मधुमेही माणसाच्या कमरेला लावायच्या इन्सुलिनच्या पंपासाठी. अशा चिपमध्ये अख्खा संगणक असतो आणि आत काय चाललंय ते इंजिनिअरांना दिसावं म्हणून तिला एक डीबग पोर्ट ठेवलेला असतो. चाचणीच्या पंपांमधला तो पोर्ट संकर्षणनं कायमचा बंद केला होता. त्यातला एक पंप हुणसूरच्या कमलाक्षी नावाच्या शिक्षिकेकडे होता, तो भर दुपारी अचानक थांबला. बाई वेळेवर दवाखान्यात पोचल्या म्हणून निभावलं. तो का थांबला ते शोधायला मृण्मयीला पुण्याहून बोलावलं होतं. आणि बघायचं कुठून, तर सगळं बंद.

"पोर्टाला कुलूप न लावलेल्या बोर्डावर बघा की," संकर्षण म्हणाला.

"बघितलं. त्यावर बिघाड येतच नाही. फक्त कुलूपवाल्यावर येतो."

"पोर्ट उघडा ठेवला तर कुणीही डोस बदलेल, मृण्मयी. एका माणसाचा जीव..."

"आणि बंद ठेवला तर पंप पुन्हा थांबेल. तोही जीवच आहे."

दोघंही मागं हटेनात. शेवटी तिनं ठरवलं, कमलाक्षीबाईंना भेटायचं. तिला कन्नड येत नव्हतं. दुभाष्या म्हणून संकर्षण निघाला... किंवा त्यानं निमित्त तेवढं सांगितलं.

हुणसूरला बाईंनी कॉफी दिली आणि दोन प्रश्न विचारले. पहिला संकर्षणनं मराठीत सांगितला, "त्या म्हणतात, हा थांबला का, ते कुणालाच सांगता येत नसेल तर मी परत अंगाला कसा लावू?" दुसरा सांगताना त्यानं मृण्मयीकडे बघितलं. "आणि विचारतात, बाहेरचा कुणी यात शिरू शकतो का?"

परतीच्या बसला दोन्ही बाजूंनी तंबाखूची शेतं होती. भुरभुर पाऊस तिरका आत येत होता. काच अडकली होती म्हणून त्यानं तिला आतल्या बाजूला बसवलं आणि स्वतःची बाही भिजू दिली.

"दुसरा प्रश्न तुम्ही पदरचा नाही ना घातलात?" तिनं विचारलं.

"नाही. पहिला गाळलाही नाही, अल्वा? खरं ना?"

तिला हसू आलं. तिनं अडकलेल्या काचेकडे बघितलं. मग म्हणाली, "दार उघडायचं नाही. खिडकी करायची. आत दिसेल, पण हात जाणार नाही."

"मी ती फोडायला बघणार. सांगून ठेवतो."

"फोडा. तुमच्याकडून टिकली तरच ती खरी."

प्रत्येक चिपला तिनं वेगळं कुलूप दिलं. उघडायला गेलं की चिप एक आकडा विचारणार. त्याचं बरोबर उत्तर फक्त कंपनीकडे. उत्तर पटलं तरी आधी पेशंटची माहिती उघडणाऱ्या गुप्त किल्ल्या पुसल्या जाणार, मग नुसतं बघता येणार, हुकूम सोडता येणार नाही. प्रोटोटाइपच्या बोर्डावर तिनं ते चालवलं.

संकर्षणनं ते फोडलं. किल्ल्या पुसल्या होत्या, पण तात्पुरत्या मेमरीत एक प्रत राहिली होती. हे सांगायला येताना त्यानं तिच्यासाठी कॉफी आणली होती. तिनं कॉफी घेतली आणि त्याच्याकडे न बघता परत कामाला लागली.

दुसऱ्या खेपेलाही फोडलं. बंद करून चालू केलं की चिप तोच जुना आकडा विचारत होती, मग जुनं उत्तर चालून गेलं.

"वाईट वाटलं?" त्यानं विचारलं.

"राग आला. वाईट नाही वाटलं. उद्या या."

तिसऱ्या खेपेला तो दिवसामागून दिवस झटला. तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा, पुटपुटायचा, मधेच तिच्या कपाळावरची बट बघत राहायचा आणि तिनं बघितलं की नजर स्क्रीनवर. खिडकी टिकली.

"मुद्दाम सोडत नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

"सोडलं असतं, तर तुम्ही परत माझ्याशी बोलला असता?"

"नसते बोलले."

"मग?"

त्याच खिडकीतून बिघाड दिसला. कुलूप लावलं की पंपाचा प्रत्येक निरोप सांकेतिक होऊन जायचा. ते काम करणारा भाग आणि पंप चालवणारा भाग कधीतरी एकाच वेळी एकमेकांसाठी थांबायचे, आणि थांबलेलेच राहायचे. म्हणूनच कुलपाशिवाय बिघाड कधी दिसला नव्हता. संकर्षण स्क्रीनकडे बघत राहिला. निरोप सांकेतिक करणारा भाग त्यानंच लिहिला होता.

मृण्मयी म्हणाली, "रिपोर्टात दोघांची नावं घालूया."

"नको. चूक माझी आहे, मीच सांगतो." तो सरळ प्रमुखांच्या, शिवाजीरावांच्या केबिनमध्ये गेला. काचेतून ती बघत होती. तो उभ्यानंच, खाली न बघता बोलत होता. या माणसाला सोडून आपल्याला पुण्याला जाता येणार नाही, हे तिला तिथंच कळलं.

दुरुस्ती झाली, खिडकीसकट चिप कारखान्याकडे रवाना झाली. संध्याकाळी दोघं कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर चालत होते. पाण्यावर बगळे उतरत होते.

"म्हणजे... आता पुणे," तो म्हणाला.

"नाही. मी इथंच राहतेय. शिवाजीरावांशी बोलणं झालंय."

तो थांबला. "का?"

"तुमच्यासाठी. मला फिरवून बोलता येत नाही, संकर्षण. मला तुम्ही आवडता. तुमचं काय ते सांगा."

त्यानं नजर पाण्याकडे वळवली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आमच्या घरच्या मराठीत... याला शब्द नाही. कुणी कुणाला तसं म्हणतच नाही."

"मग कसं सांगतात?"

"ऊटाला बोलावतात. जेवायला."

मृण्मयी हात बांधून उभी राहिली. तिला घाई नव्हती, पण उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"रविवारी," तो म्हणाला, "आमच्या घरी ऊटाला या..." मग मान हलवून त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं. "ये."